कप खाली धर

अम्बोवोम्बेच्या पुढे, डांबरी रस्ता संपतो तिथल्या दवाखान्यात
मी रात्रपाळीला असते.
काटा, नळ्या, पेन्सिल,
आणि एक घड्याळ, वीस मिनिटं मागे.

लाल वाऱ्याच्या तिसऱ्या दिवशी वुरिसुआ आली.
पापण्यांवर माती. कापडाला धरून एक पोरगा,
आणि कापडात बाळ.
दारातच म्हणाली, माझी नाहीत. बहिणीची.
बहीण कुठाय?
तिनं हनुवटीनं दाखवलं
निवडुंगाच्या कुंपणापलीकडे, आली त्या वाटेला.

लाहिमेना. चार महिने. दोन किलो एकशे चाळीस.
पोटाची कातडी चिमटीत धरली,
सोडली, तरी चिमटी तशीच राहिली.
नोंदवहीत रकाना असतो: आईचं दूध.
मी 'नाही'वर खूण केली.

डॉक्टर म्हणाले, मावशीला विचार, कधी अंगावर पाजलंय का.
पाजलं होतं.
लोक चिंचेत राख कालवून खात होते त्या वर्षी
पोटात दुसरं आलं म्हणून पहिल्याला अंगावरून तोडलं.
पहिलं गेलं. दुसरंही राहिलं नाही.
हे तिनं सांगितलं
पाण्याच्या डब्याचा आजचा भाव सांगावा तसं.

माय मरो, मावशी जगो,
म्हणायला काय जातं!
मी समासात बारीक लिहिलं: शक्य वाटत नाही.

आठ नंबरची नळी. एक टोक कपातल्या दुधात,
दुसरं चिकटपट्टीनं तिच्या बोंडापाशी.
बाळाला वाटावं, येतंय ते इथूनच येतंय.
"म्हणजे ह्याला फसवायचं?"
हो, म्हटलं. आणि तुमच्या अंगालाही.

पहिल्यांदा कप उंच, दूध आपसूक उतरेल असा.
मग रोज बोटभर कप खाली धर,
म्हणजे त्याला ओढावं लागेल.
दर दोन तासांनी. ती भिंतीला टेकून,
मी गुडघ्यांवर, कप हातात, पेंगत.
एकदा सांडला. तिनं ओलं कापड
पोराच्या तोंडात पिळलं.

चौथ्या रात्री सहा नंबरची खाट रिकामी झाली.
ते बाळ वाढत होतं, वजन मीच लिहिलं होतं.
त्याच्या आईची छाती भरून दगड झालेली,
आणि दोन खाटा सोडून हे बाळ कोरडं ओढतंय.
विचारावं असं मनात आलं.
विचारलं नाही.
अजून ठरवता येत नाही, ते बरं केलं की वाईट.

नववा दिवस, किंवा दहावा. त्या पानावर तेल सांडलंय.
कप तिच्या मांडीच्या खाली.
लाहिमेना ओढतोय, गिळतोय, गळ्याचा आवाज येतोय,
आणि कपातलं दूध हलत नाही.
नळी तुंबली म्हणून मी काढली, फुंकर मारली.
साफ होती.
परत लावायला गेले तर तिनं माझं मनगट धरलं.
दुसऱ्या बाजूला, सदऱ्यावर,
नाण्याएवढी ओल.

पान्हा फुटला होता.
मला वाटलं रडेल.
ती चिडली. खरंच चिडली,
स्वतःच्या छातीवर, जसं कुणी उशिरा आलेल्या माणसावर चिडतं:
"तेव्हा कुठे होतं हे?"

मी घड्याळाकडे बघितलं. त्यात तरी काय असणार.
समासातली ओळ रबरानं खोडली,
अक्षरांचा खळगा राहिला.

कपात साठ मिलिलिटर उरलं होतं.
उरलेलं ओतून द्यायचं, असा नियम आहे.
दारापाशी माहावेलु बसला होता, बहिणीचा थोरला,
इतके दिवस कुणी त्याचं वजन केलं नव्हतं.
मी कप त्याच्यापुढे, खाली धरला.
त्यानं प्यायलं, तळाला बोट फिरवलं, बोट चोखलं,
आणि आधी मावशीकडे, मग माझ्याकडे बघून विचारलं,
अजून आहे?