ठिपक्यांची रेघ

सालईधऱ्याच्या शिवारात, नहराच्या वरच्या अंगाला
गोट्यांचं रिंगण.
गावात त्याला गवळ्याचा गोठा म्हणतात.
गोठा की गोटा,
मला पहिले दोन दिवस कळलंच नाही.

माझं काम मोजायचं आणि काढायचं.
जमिनीवरचा एक मीटर, कागदावर पाच सेंटिमीटर.
पेन्सिल फोर-एच. वाऱ्यानं उडू नये म्हणून
आलेखाच्या चार कोपऱ्यांवर
तिथलेच चार खडे.

वर मुरूम, दगडगोटे. खाली काळी माती,
इथली नव्हे, नाल्यावरून आणून भरलेली.
येनूबाई उईके घमेलं उचलताना म्हणाली,
"आमी जेवढं काढून राहिलो ना एका खेपेत,
तेवढंच टाकलं असंन त्याहिनं.
बाईच्या डोक्याले याच्याहून जड चालत नाही."
निमखेडकर मॅडमनी ते वहीत घेतलं नाही.
मी समासात लिहिलं, बारीक.

नवव्या दिवशी घोडा लागला.
आधी दात.
मग कपाळाच्या जागी तांब्याची पट्टी,
कच्च्या चिंचेसारखी हिरवी पडलेली.
लगामाची कडी तोंडातच.
सुकदेव नेवारे बांबूच्या काडीनं माती सोलत होता,
तो थांबला.
"आता तं काढा म्हना याच्या तोंडातली,"
म्हणाला, आणि हसला,
आणि मग बराच वेळ काडीच साफ करत बसला.

माणूस म्हणाल तर थोडाच:
नडगीचा तुकडा, कवटीची एक कपची
जी मी आधी खापरांच्या पिशवीत टाकली होती.
घोडा अख्खा, धनी ओंजळभर.
शेजारी लोखंडाचं काहीतरी, गंजून फुगलेलं.
मी त्याला 'आकडा' म्हणून क्रमांक दिला.
सरजाबाईनं वाकून पाहिलं.
"आकडा कायचा? पळी होय वरनाची.
दांडा वाकवला का चुलीवर लटकवता येते."
मी खोडलं. पळी लिहिलं.
वरणाचं लिहिलं नाही.

रिंगण तेवढं बंद होईना.
सव्वीस गोटे, आणि ईशान्येला नुसती खोबण,
म्हैस उठून गेल्यावर राहते तशी.
मॅडम म्हणाल्या, नहराच्या बांधकामात गेला असेल.

रविवारी चहाला गावात गेलो.
पिठाच्या चक्कीसमोर, कडुनिंबाखाली,
शेंदरात बसला होता तो.
माथ्यावर दोन ओळींत वाटीएवढे खळगे,
रिंगणातल्या गोट्यांवर आहेत तसेच,
फक्त यातले तेलानं भरलेले.
एकात वात.
चक्कीवाला पट्टा चढवत म्हणाला,
"माह्या आज्यानं आनला, चार बैल लावून.
आनतानी लय रडला म्हन्तात."
"आजोबा?"
"गोटा."

टेप खिशात होता.
लांबी घेता आली असती, जाडीही.
खळग्यांची खोली घ्यायला मात्र
कुणाला तरी सांगावं लागलं असतं, तेल काढा.
मी चहाचे पैसे दिले.

सोमवारी, पत्रक तीनवर, ईशान्येला
ठिपक्यांची रेघ मारली.
ठिपके म्हणजे, खाली सूचीत आहे, 'जागी नाही'.
येनूबाई मागे उभी.
"हा काऊन असा फाटका काढला?"
"तो गावात आहे."
"मंग? मेला का तो?
पुरी कर ना रेघ."

पेन्सिल टेकवली. उचलली.
तेवढ्यात मॅडमनी हाक मारली, फोटोची वेळ झाली होती,
उन्हं चढली की सावल्या खड्ड्यात शिरतात.
रात्रभर पडलेली मोहाची फुलं
वेचून घ्यायची होती आधी.
येनूबाई उतरली, पाय जपत,
ओटीत भरत गेली एकेक.
घोड्याच्या दातांजवळ एक होतं.
त्याच्याकडे तिनं पाहिलं,
आणि वर चढून आली.

ते फोटोत आहे.
पांढरी-काळी पट्टी, उत्तरेचा बाण,
आणि ते.