धरून चालू नका

रात्रपाळी करून आलेल्या बाईला
सकाळी नऊला संभाव्यता शिकवू नये.
कूलरमधलं पाणी संपलंय, वाळ्यातून नुसती झळ,
मेडिकल चौकातले हॉर्न थेट बाकापर्यंत,
आणि फळ्यावर सरांनी काढलेली टेकडी,
दोन्ही बाजूंनी सारखी उतरणारी.
वॉर्डात असली टेकडी
मी बावीस वर्षांत पाहिलेली नाही.

शेजारी डॉक्टर शहाकार. हे भूल देतात,
आज स्वतःच पेंगतायत.
पुढे कामठीची फिजिओथेरपिस्ट नुझहत,
तिच्या वहीत तीन रंगांची शाई.
सर माझ्या भाच्याच्या वयाचे.

मार्चमध्ये संमतीपत्र समजावताना
'यादृच्छिक विभागणी' मी तीनदा म्हटलं.
दुरपताबाई
(हे त्यांचं नाव नव्हे, एवढं पहिल्या सत्रात शिकले)
मुलाचे गुडघे चोळत ऐकत राहिल्या.
मग म्हणाल्या, "म्हणजे चिठ्ठ्या टाकता नं जी? भिशीवानी?"
हो, म्हटलं, भिशीसारखंच.
फक्त नंबर कोणाचा लागला
ते तुम्हाला कळणार नाही, मलाही नाही.
त्या हसल्या. अंगठा दिला,
आणि जाताना दाराच्या पांढऱ्या रंगावर
दुसरी सही करून गेल्या.

आज पडद्यावर आमचाच तक्ता.
सिकलसेल, साठ रुग्ण, अठ्ठाविसावा दिवस.
चौदा नंबरचे सगळे रकाने रिकामे.
"लॉस्ट टू फॉलो-अप," सर म्हणाले,
"ही गळती यादृच्छिक आहे असं धरून चालू."

मी हात वर केला. शाळेनंतर पहिल्यांदाच.
सर, धरून नका चालू.
ज्याचे गुडघे ठणकतात
तो एस.टी.ची पायरी चढत नाही.
वेदनेचा आकडा ज्या दिवशी सगळ्यात मोठा,
त्याच दिवशी रकाना रिकामा.

शहाकार जागे झाले.
सरांनी खडू ठेवला, पुन्हा उचलला,
टेकडीची एक बाजू तळहाताने पुसली.
"याला नाव आहे," म्हणाले, आणि ते इंग्रजीत लिहिलं.
नाव आहे म्हटल्यावर बरं वाटलं.
थोडा रागही आला.

मधल्या सुट्टीत फाईलमधला नंबर लावला.
तो गावातल्या किराणा दुकानाचा.
"थांबा, बलावतो," म्हणून कोणी फोन बाजूला ठेवला.
मग तराजूत तांदूळ पडल्याचा आवाज,
एक कोंबडी,
बराच वेळ काही नाही,
आणि लांबून चपला.

एकाच्या की दोघांच्या,
ते ऐकायला मी दुसरा कान दाबून धरला.
आत पुढचा तास सुरू झाला होता.