हयातीचा दाखला

सकाळी पहिलं काम : सिलिंडर हलवून बघणं.
हलका लागला की ओळखायचं,
आंघोळ अर्ध्यावर गार होणार.
मग खालच्या एर्मेलिंदाच्या नातवाला हाक.
तो नवा सिलिंडर खांद्यावरून दोन जिने चढवतो,
पैसे घेत नाही,
डब्यातली बिस्किटं घेतो मूठभर, न विचारता,
हक्क असल्यासारखी.
आहेच.

आज यादीत चार गोष्टी.
पाव. गुडघ्याच्या गोळ्या. विजेचं बिल.
आणि मी जिवंत आहे हे सिद्ध करणं.

लांबट लिफाफा आलाय वेल्समधून,
जिथे एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात
मी बटाटे सोलले.
आपण हयात असल्याचे कळवावे.
न कळवल्यास निवृत्तिवेतन थांबवण्यात येईल.
सही जबाबदार व्यक्तीची हवी :
डॉक्टर, शिक्षक, औषधविक्रेता.
नवरा चालेल असं कुठे लिहिलेलं नाही.

ताविराच्या जुन्या पुलावरून जाताना
ओहोटीच्या चिखलाचा वास येतो,
पलीकडे मिठागरांचे ढीग उन्हात डोळ्यांना टोचतात.
कागद पिशवीत, पिशवी छातीशी,
वारा इथला भुरटा आहे.

बेकरीत रांग.
माझ्याकडे इथले शब्द थोडेच,
सुटे पैसे बरणीत टाकावेत तसे
नऊ वर्षांत साठवलेले :
पाव, पुरे, उद्या, किती झाले, देव करो.
वर्तमानकाळ बरा जमतो.
भूतकाळाची क्रियापदं शिकायची राहिली,
दर हिवाळ्यात म्हणते, यंदा नक्की.
त्यामुळे या भाषेत इद्रिस अजून आहे.
'नवऱ्याला करपलेला आवडतो,' मी म्हणते,
आणि ल्युर्देश मागे वळून
दोन चांगले काळे पाव निवडते.
ती दफनाला आली होती.
केक घेऊन आली होती.

औषधांच्या दुकानात बाल्ताझार
चष्मा कपाळावरून नाकावर आणतो,
कागद तीनदा वाचतो,
मग गंभीर चेहऱ्याने माझं मनगट धरतो
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहतो.
मागे खोकल्याच्या औषधासाठी थांबलेली दोन माणसंही
गप्प होतात, मोजत असावीत.
'थोडी जलद चालते, दोना ग्वेना. पण चालते.'
सगळे हसतात. मीही.

तिसऱ्या रकान्यावर त्याचं पेन थांबलं.
वैवाहिक स्थिती.
इंग्रजी त्याला येतं, औषधांपुरतं.
'इथे काय?' त्याने विचारलं.
मी बरणीत हात घातला.
पुरे. उद्या. किती झाले.
त्याने वाट पाहिली,
मग गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरू लागला, सावकाश,
एकेक मोजून,
आणि पेन माझ्या बाजूला सरकवून ठेवलं.

मी लिहिलं. इंग्रजीत.
पाच अक्षरं, वळणदार,
फळ्यावर जेवणाचा बेत लिहायचे तशी.
त्याने खाली शिक्का मारला, फुंकर घातली.

पोस्ट बंद. जेवणाची सुट्टी, तीनपर्यंत.
म्हणजे अजून दोन तास
मी असल्याचं त्यांना ठाऊक नाही.
नदीकाठच्या बाकावर बसून
करपल्या पावाचा कडेचा तुकडा मोडला.
कडू लागतो. मला कधीच आवडला नाही.

तेवढ्यात गल्लीतून धारवाल्याची शिट्टी आली,
वर चढून खाली घसरणारी.
तो आला की पाऊस येतो, म्हणतात इथे.
आभाळात एक चिंधी नव्हती,
तरी गच्च्यांवर बायका धावल्या.

घरी पोचले तर जिन्यात, माझ्या दाराशी,
एर्मेलिंदाने काढून ठेवलेले माझे कपडे :
चादर, दोन टॉवेल,
आणि इद्रिसचा निळा सदरा, जो मी झोपताना घालते,
बाह्या आत दुमडून,
दुकानातल्यासारखा घडी केलेला.

विजेचं बिल राहिलंच.