पूर्ण झालेला तास

पैसे मिळतात ते पूर्ण झालेल्या तासाचे.
म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानात जेवढा जाईल, तेवढ्याचेच.
त्याच्यामागे खोलीत गेलेले तीन,
अडखळलेले, खोकलेले,
'पान एकशे बारा, पुन्हा' म्हणून सुरू केलेले,
ते माझे मला.

सुरुवात ट्रामनं झाली.
वूच शहरातल्या सात नंबरच्या ट्राममध्ये
पुढचा थांबा मी सांगते, अजूनही.
रेकॉर्डिंग एका दुपारचं होतं, हिवाळ्यातलं. नाक चोंदलेलं कळतं.
मग खोकल्याच्या औषधाची जाहिरात. मग एक वॉशिंग मशीन.
मग मधमाश्या पाळण्यावरचं जाडजूड पुस्तक,
ज्याचं निम्मं मानधन बरण्यांतून आलं.

आता माझ्यात बिऱ्हाडं आहेत.
एक तोतरा नोटरी. दोन बहिणी,
त्यातल्या धाकटीला मी नाकात बोलायला लावलं,
नाहीतर मलाच कळेना कोण रडतंय.
आणि एक खुनी, त्याला मी
खालच्या मजल्यावरच्या विट्कोव्स्कींचा गोड आवाज दिला.
त्यांना ठाऊक नाही.
जिन्यात भेटले की टोपी काढतात.

हिरवं सफरचंद खाते, म्हणजे तोंड चटचटत नाही.
लोकरीचा स्वेटर घालते, नायलॉन कुजबुजतं.
पोटभर जेवून जाते,
कारण पोटातले कावळे माइकला आधी ऐकू येतात.
जिभेला हाड नसतं म्हणतात.
मग अकराव्या प्रकरणापाशी हे दुखतं ते काय?

श्वास त्सेझारी कापतो.
"लोकांना गोष्ट हवी असते," म्हणतो, "फुप्फुसं नकोत."

आईनं माझं एकही पुस्तक ऐकलेलं नाही.
चौतीस वर्षं ती कापडगिरणीत होती.
मागांच्या खडखडाटात ओरडणं म्हणजे दम वाया घालवणं,
म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता बोलत,
नुसत्या ओठांनी, मोठ्या, सावकाश.
सहा माग पलीकडे कुणाचं लग्न मोडलं ते कळायचं.
गिरणी बंद पडली. तिथं आता कारंजं आहे, आणि बुटांची दुकानं.
खडखडाट तेवढा आईच्या कानांत राहिला,
बाकीचं सगळं गेलं.
घरात मी तोंड उघडून बोलायचे, बिनआवाजाची.
आवाज लागतो
हे मला शाळेत समजलं.

फेब्रुवारीत तिच्या इमारतीचं हीटिंग बंद पडलं,
म्हणून तिला स्टुडिओत आणलं.
काचेपलीकडे, त्सेझारीशेजारी,
ओव्हरकोट न काढता बसली, मांडीवर पर्स.
मी वाचत होते: थोरली धाकटीला स्टेशनवर सोडते, ते.
मान वर केली
तर आई पुढे झुकलेली,
तिचे ओठ माझ्यामागून हलत होते,
अर्धं अक्षर उशिरा.

त्सेझारीनं हात वर केला. पुन्हा.
माझा वेग पडला होता, ओठ नको तेवढे उघडत होते,
प्रत्येक शब्द ताटात वेगळा वाढल्यासारखा.
पुन्हा घेतलं. पुन्हा तसंच.
तिसऱ्यांदा मी त्याच्याकडे पाहिलंच नाही,
प्रकरण संपेपर्यंत वाचत गेले,
आणि मध्येच कुठेतरी
आवाज काढायचा राहून गेला.

त्सेझारीनं हेडफोन काढले, तपासले, परत लावले.
यंत्रावरची सुई आडवी पडलेली.
आई मात्र हसायच्या जागी हसली,
मग पर्स उघडून रुमाल शोधू लागली.

तो तास कुठल्याच हिशेबात नाही.

परतताना सात नंबरमध्ये तिनं विचारलं, ओठांनीच,
ती धाकटी परत येते का गं?
मी म्हटलं, अजून वाचलं नाही.
असं कसं, ती म्हणाली, तुझं कामच ते.
मग माझी बाजू, मग तिची,
समोरचा मुलगा आम्हा दोघींच्या तोंडांकडे पाहत राहिला,
वरून माझाच चोंदलेला आवाज
आमचा थांबा सांगत होता,
आणि तो
गेला.