खोलीच बोलू दे

संवाद काढून टाक, म्हणाला नार्वेकर,
खोलीच बोलू दे.

मग मी भांडुपची खोली बांधली, पिक्सेल पिक्सेलनं.
फ्रीजवर इन्सुलिनचं रिकामं खोकं,
मीटरबॉक्सवर चिकटवलेला मुलीचा नंबर,
आतल्या कडीचे उपटलेले स्क्रू.
गॅसवर दुधाचं पातेलं, खाली निळी ज्योत
अजून चालू.
आईचं नाव कुठेच नाही.

टेस्टिंगला बसलेली पोरं
अकरा सेकंदांत खोली ओलांडतात.
किल्ली ड्रॉवरमध्ये आहे, त्यांना तेवढीच हवी असते.

फक्त परबांची डिंपल, काल,
गोरेगावच्या त्या गारठलेल्या ऑफिसात
किल्ली मिळूनही थांबली.
मागे वळली. गॅसपाशी गेली.
बटण दाबत राहिली,
दाबतच राहिली.

गॅस बंद करायची सोय
मी ठेवलीच नव्हती.