रिकाम्या ट्रकचं वजन

पिसुर्लेच्या काट्यावर मी नऊ वर्षं बसले.
रिकामा ट्रक आत जायचा, आकडा लिहायचे.
भरून बाहेर यायचा, आकडा लिहायचे.
दोन्हींतली वजाबाकी म्हणजे खनिज.
धूळ कुणाच्याच खात्यावर नव्हती,
ती आम्ही घरी न्यायचो.

मग खाण बंद पडली.
काट्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच राहिली,
मागायला कुणी आलंच नाही.

बेचाळिसाव्या वर्षी फॉर्म भरला:
समाजकार्य, पदव्युत्तर, ऑनलाइन.
नवरा म्हणाला, घरबसल्या समाज कसा काय सापडायचा?
मी हसले नाही. फी त्याच्याच खात्यातून गेली होती.

वर्ग रात्री साडेनऊला,
सासूबाईंची मालिका संपली की.
चौकोनात चेहरे:
मांडीवर बाळ घेतलेली अकोल्याची एक,
रात्रपाळीच्या केबिनमधून कानटोपी घातलेला एक.
सर दर पाच मिनिटांनी विचारायचे,
"माझा आवाज पोचतोय ना?"
परीक्षेत हा प्रश्न कधीच आला नाही.
खरं तर तोच यायला हवा होता.

प्रत्यक्ष कामाचे तास वेगळे.
तासागणिक सही, तीही बुधवारीच,
म्हापशाला, फ्लाविया कुतिन्यो मॅडमची.
साखळीहून कदंबा पकडायची, मांडीवर फाईल,
फाईलमध्ये शाबा गावस.

शाबाच्या अंगणात तीन ट्रक उभे.
एकाच्या स्टिअरिंगवर दोडक्याचा वेल चढलेला.
बँकेची पत्रं न उघडता फ्रीजवर रचलेली, वर मिठाची बरणी.
शेवंती चहा ठेवून जायची.
शाबा बोलायचा नाही.
पहिल्या भेटीचं मी सहा पानं लिहिलं,
झोप, भूक, कुटुंबाची रचना, आकृतीसकट.
मॅडमनी लाल पेनने एकच ओळ लिहिली:
यात तू कुठे आहेस?

मी कुठे असणार?
मी काट्यावर होते.
जादा भरलेला ट्रक मापात आहे म्हणून लिहिलाय मी,
सांगितलं तसं, कितीदा.
त्या पावत्यांच्या जोरावर यानं तिसरा ट्रक घेतला.
हे सातव्या पानावर लिहिलं,
फाडलं,
पुन्हा लिहिलं.

तिसऱ्या भेटीत प्रश्नावली पिशवीतच ठेवली.
म्हटलं, शाबा, तुझ्या पहिल्या ट्रकचं रिकामं वजन
नऊ हजार सातशे वीस.
तो कितीतरी वेळ वेलाकडे बघत होता.
मग म्हणाला,
"तें नव्या टायरांपयलींचें."

एवढंच.
बुधवारी मॅडमनी दोन तासांवर सही केली.
त्यातला दीड तास आम्ही दोघं गप्प होतो,
तोही धरला.

पदवी पीडीएफमध्ये आली.
साखळीचा झेरॉक्सवाला म्हणाला, लॅमिनेट करू? वीस रुपये जादा.
मग आणखी एक परीक्षा, एक मुलाखत,
माझ्या वयाच्या निम्म्या पोरांबरोबर बाकावर वाट पाहणं,
आणि एका सोमवारी पत्र:
नोंदणी क्रमांक, शिक्का, मुदत पाच वर्षं.
सासूबाईंनी ते देवापुढे ठेवलं,
संध्याकाळपर्यंत त्यावर तेलाचा डाग.

तो डाग घेऊनच शाबाकडे गेले.
त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला.
"बाय, हें लायसन कितें चलोवपाक?"
चालवायचं काही नाही, मी म्हटलं. शेजारी बसायचं.
"म्हणजे क्लीनर."
हो.
"क्लीनराक कसलें लायसन?"
लागतं आता.

तो हसला की खोकला, कळलं नाही.
उठला, मिठाची बरणी बाजूला केली,
वरचं एक पत्र माझ्यापुढे धरलं.
म्हणाला, तूच वाच, चष्मा सापडत नाही.

चष्मा त्याच्या खिशात होता.
मी वाचायला लागले.