पाचटाचा माणूस

तवंदी घाटाखाली, तंबाखूच्या पट्टीत
एक बुजगावणं उभं होतं.
अंगात आमचं जॅकेट.

बेचाळिसात एक कमी, तीन आठवडे शोधत होतो.
रजिस्टरात लाल शाईनं नोंद,
वसुली कुणाकडून, ती जागा कोरी.

शेतमालकाला गाठायला गेलो, तोवर दिवस मावळला.
बांधावर उभा राहिलो नि पाहिलं:
बेळगावकडनं उतरणारा सोळाचाकी
त्या पट्ट्यांवर उजेड पडताच
गिअर टाकून हळू झाला.
मग एक एसटी. मग दुधाचा टँकर.
आमच्या जित्या माणसांना एवढा मान
कुणी दिलेला मी पाहिला नव्हता.

जॅकेट मागितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी युरियाच्या पोत्यांत
उसाचं पाचट भरून दोन माणसं केली.
डोक्याला फुटके कोन.
दुर्गव्वानं लुगड्याच्या काठानं त्यांच्या कमरा आवळल्या.
एकाचं नाव बाळाप्पानं सुपरवायझर ठेवलं,
म्हणाला, ह्योबी नुसता उभाच की.

शेजारी बोर्ड होताच: निधान.
दुर्गव्वाच्या भाषेत, हळू.
माझ्या भाषेत, जमिनीत पुरलेला ठेवा.
येणारा यातलं काहीच वाचत नाही,
तो मोबाइल वाचत येतो.

गुरुवारी रात्री, साडेतीनला,
पेव्हर बंद होता, डांबर अजून वाफाळत होतं,
पोतं पडावं तसा आवाज आला.
ब्रेकचा नाही. ओरडण्याचा नाही.
बॅटरी घेऊन पळालो.
सुपरवायझर आडवा,
छातीवरून टायरची नक्षी,
पाचट पार दुभाजकापर्यंत,
नि कोन अजून गरगरत होता.
लांब वळणावर दोन लाल दिवे. मग तेही नाहीत.

आम्ही हसायला लागलो.
बाळाप्पा तर इतका, की त्याला खाली बसावं लागलं,
आणि मग तो बराच वेळ उठलाच नाही.

दुर्गव्वा हसली नाही.
बावट्याची काठी काखेत धरून
ती आपल्या पायांखालचं डांबर बघत होती.
मी म्हटलं, काय बघूलालीस?
ती म्हणाली,
गेल्या आयतवारपातूर ही जागा माझी हुती की, मामा.

सकाळी लिहिलं: जॅकेट एक, निकामी.
कारणाच्या रकान्यात दोन बोटंही जागा नसते.
पाच्छापुरे साहेबांनी न वाचता सही केली.

दुपारी तिनं नवं पोतं भरलं.
उभं करून स्वतःच्या खांद्याशी मापलं,
उसवलं, आणखी पाचट कोंबलं,
आपल्यापेक्षा टीचभर उंच होईतो.
मग अंतर मोजायला निघालो,
ती ओंदु, एरडु, मूरु करत,
मी एक, दोन, तीन.
तिची पावलं लहान, शंभर लवकर संपले.
माझे बरेच पुढे जाऊन थांबले.

तिनं मागून हात हलवला.
थितंच रोव, म्हणाली.
आन् अजून दहा टाक.